मासा नव्हे, देवमासा



‘देवमासा’ हे नाव आपल्या भाषेने मोठ्या आदराने ठेवले खरे. परंतु त्यातील ‘मासा’ हा शब्द फसवा आहे. देवमासा आणि त्याचा भाऊबंद डॉल्फिन हे मुळी मासेच नव्हेत. गाईम्हशींप्रमाणे ते पिलांना जन्म देतात, दूध पाजतात. त्यांचे रक्त उष्ण असते. माशाला कल्ले असतात व पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो त्यांतून घेतो. देवमाशाला ती सोय नाही. ज्याचा सारा जन्म पाण्यात जायचा, त्याला प्रत्येक श्वासासाठी वर यावे लागते! या एका अडचणीभोवतीच त्याच्या शरीराची बरीचशी घडण झालेली आहे.

त्याचे नाक पाहा. ते मुखाच्या टोकाशी नसून माथ्यावर आहे. डोके जरासे वर आले की पुरे. पाण्याखाली हे श्वासरंध्र घट्ट मिटलेले असते. आपण सहज श्वास घेतो तेव्हा फुप्फुसातील थोडीशीच हवा बदलते. देवमासा मात्र एका दमात बहुतेक सारी हवा बदलून घेतो. दुरून दिसणारे त्याचे कारंजे म्हणजे जोराने सुटलेल्या उच्छ्वासाची वाफ व तुषार होत.

मग तो खोल जातो कसा? त्याची शिदोरी फुप्फुसांपेक्षा रक्तात व स्नायूंत अधिक असते. स्नायूंतील मायोग्लोबिन नावाचे द्रव्य प्राणवायू साठवून ठेवते. म्हणूनच त्याचे मांस काळपट दिसते. बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात, आणि रक्त मुख्यत्वे मेंदूकडे व हृदयाकडे वळते. क्युव्हियरचा चोचदार देवमासा २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद २०१४ साली, तर ३ तास ४२ मिनिटे पाण्याखाली राहिल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली. डॉल्फिनची निद्राही नवलाची! मेंदूचा अर्धा भाग झोपतो, तर उरलेला अर्धा श्वासासाठी जागा राहतो.

त्याचे शेपूटही पूर्वजांची साक्ष देते. माशाचे शेपूट उभे असून डावीउजवीकडे हलते. देवमाशाचे आडवे असून वरखाली हलते. धावत्या कुत्र्याचा कणा वाकतो, तशीच ही जमिनीवरची चाल. मागील पायांच्या अस्थींचे अवशेष आजही त्याच्या शरीरात दडलेले असतात.

हे सर्व ज्ञान किनाऱ्यावरील कुटुंबांच्या कामाचे आहे. गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिन नेहमी दिसतात. पाण्याखाली जाळ्यात अडकलेला डॉल्फिन श्वास कोंडून मरतो. ज्या पाण्यात मासा सुखाने जगतो, त्याच पाण्यात तो गुदमरतो. म्हणून असा जिवंत प्राणी दिसताच प्रथम त्याचे श्वासरंध्र पाण्यावर येईल असे करावे व जाळे कापून त्याला मोकळे करावे. वाळूवर येऊन पडलेला असल्यास शेपटीला धरून ओढू नये. अंगावर ओले फडके घालावे, सावली करावी, पण श्वासरंध्रावर फडके, पाणी वा वाळू येऊ देऊ नये. आणि तत्काळ वनखात्यास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिलेले आहेच. जाळे पुन्हा विणता येते. कोंडलेला श्वास मात्र परत आणता येत नाही.