पोळ्याचा घास आणि प्लास्टिकची पिशवी

पोळ्याच्या दिवशी पांढुर्णा-सौंसर भागातील घरांत बैलाला पुरणपोळीचा घास दिल्यावाचून कोणी जेवावयास बसत नाही. एरवी मात्र उष्टे अन्न आणि भाजीची देठे पातळ पिशवीत गाठ मारून आपणच रस्त्यावर टाकतो, आणि ती पिशवी गुरांच्या पोटात जाते. उरलेल्या पिशव्या कित्येक घरी चूल पेटविण्याच्या कामी येतात. त्या चटकन पेटतात. कारण प्लास्टिक मुळात खनिज तेल व वायूपासूनच बनते. मग त्याचे पुन्हा तेल का होऊ नये?

तसे ते होते. बंद पात्रात, हवा लागू न देता, प्लास्टिक सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याच्या लांब रेणुशृंखला तुटून वाफ होते. ती निवविली की तेल मिळते. या क्रियेस पायरोलिसिस म्हणतात. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभीच या दिशेने संशोधन केले. पुढे २००९ साली, या भागाहून फार दूर नसलेल्या पेंचच्या अरण्यात, प्लास्टिक गिळून मेलेले हरीण पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी शिरीष फडतरे यांच्यासह पहिला प्रयोग प्रेशर कुकरमध्ये केला. नंतर जेजुरीस यंत्र उभे राहिले. १ टन प्लास्टिकपासून ६०० ते ६५० लिटर तेल मिळते, असा त्यांचा अनुभव आहे. वाचकांनी मात्र हा प्रयोग घरी मुळीच करू नये. ती वाफ ज्वालाग्राही व अपायकारक असते.

या यंत्रालाही पथ्य आहे. दुधाच्या व किराण्याच्या स्वच्छ, कोरड्या पिशव्या त्याला चालतात. पीव्हीसीच्या नळ्यांतून आम्ल निघून यंत्र गंजते. पाण्याच्या बाटल्यांपासून तेल फारसे निघत नाही, त्या भंगारवाल्यास देणेच बरे. शिवाय हे तेलही जाळले की धूर होणारच. म्हणून बाजारास जाताना कापडी पिशवी नेणे, हा पहिला उपाय.

२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे असे यंत्र येईल तेव्हा येवो. पण त्याला लागणारा माल निवडला जातो तो आपल्याच स्वयंपाकघरात. गृहिणींनी ओला कचरा पिशवीत न बांधता वेगळा ठेवावा, पिशव्या धुऊन, वाळवून निराळ्या जमवाव्यात, आणि चुलीत एकही घालू नये. ज्या बैलाला आपण वर्षातून एकदा पुरणपोळी भरवितो, त्याच्या पोटात उरलेले वर्षभर काय जाते, याची काळजीही आपणच वाहावयास हवी.