‘स्पेअरिंगली’ म्हणजे किती?



मलमाच्या नळीवर, माहितीपत्रकात, मुलांच्या इंग्रजी पुस्तकात ‘स्पेअरिंगली’ हा शब्द भेटतो. स्पेअर म्हटले की गाडीचे जादा चाक आठवते, म्हणून ‘जादा वापरा’ असा उलटाच अर्थ लावला जातो. खरा अर्थ बेताने, हात राखून. मलमावर तो असेल तर लेप थापू नये, पातळ बोट फिरवावे. कमी बोलणाऱ्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. आपण ‘मोजके बोलतो’ म्हणतो. चुना पाण्यात ‘स्पेअरिंगली’ विरघळतो, म्हणजे अगदी थोडा; बाकीचा तळाशी बसतो, वर निवळी राहते. तिथे पैशाच्या काटकसरीचा संबंधच नाही.

चिक्कूपणा मात्र हा नव्हे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून चिकूवाल्यांनी चिक्कू व्हावे असे थोडेच आहे! कीटकनाशकाची छापील मात्रा निम्मी केली तर कीड पुरती मरत नाही, उलट औषधाला सरावते. बेत राखायचा तो फवारण्यांच्या संख्येत. भातात खोडकिड्याने शेकडा ५ फुटव्यांचे गाभे वाळवले, तरच औषध काढावे. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही पंप पाठीला लावू नये.

खत हात राखून कसे द्यावे, ते आवणीत पाहावे. खाचरातल्या पाण्यावर फेकलेल्या युरियातले बरेचसे नत्र हवेत उडते, नाहीतर मुसळधार पावसात ओहोळाला जाते. तलासरीकडच्या उताराच्या जमिनीत तर अधिकच. पिशवीचे पैसे आपले, खत मात्र ओहोळाचे! चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटीमीटर खोल, हाताने खोचतात. चुडांतले अंतर १५ आणि २५ सेंटीमीटर असे आलटून पालटून ठेवले की हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे साधारण १७० किलो लागतात. आपल्याकडे हेक्टर कितीजणांपाशी आहे म्हणा! दहा गुंठ्यांना १७ किलो धरावेत.

आवणीच्याच दिवशी गोळ्या खोचाव्यात. चिखलात दबल्याने नत्र मुळांशी हळूहळू सुटते. दोरी धरण्याचा कंटाळा नको. ओळी वाकड्या गेल्या की गोळी कुठे खोचायची हेच कळत नाही. खोचताना खाचरात पाणी फार नसावे, आणि बांध कुठे फुटला असेल तर तो आधी लिंपून घ्यावा.