पार्सरला शिव्या देण्याआधी

शुक्रवारची संध्याकाळ. ठाण्याहून डोंबिवली लोकल पकडायच्या घाईत होतो, तेवढ्यात पार्सरने एका क्लायंटची एक्सएमएल फाइल परत फेकली. एकाच ओळीवर दोन एरर! अपाची झर्सिसची ही सवयच आहे. यादीबाहेरचं मूल्य दिसलं की तो दोनदा ओरडतो. पहिली एरर नीट वाचायची, दुसरी तिचीच सावली असते.

घोळ काय होता? जिल्हा : पालघर. हा जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि स्कीमातली जिल्ह्यांची यादी त्याआधीची. म्हणजे फाइल बरोबर, स्कीमाच शिळा.

शेजारचा म्हणाला, "व्हॅलिडेशन बंद कर रे, नाहीतर पालघरचं ठाणे करून टाक." मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण मग वसईच्या माणसाचा अर्ज ठाण्याच्या टेबलावर जाऊन पडणार, आणि तेव्हा एररही येणार नाही!

माझं मत सरळ आहे. स्कीमा म्हणजे दोघांतला करार. चुकला तर दोघांनी मिळून बदलावा, गुपचूप डोळेझाक करू नये. आणि बदलणाऱ्या याद्या त्यात कोंबूच नयेत. रचना स्कीमात ठेवा, यादी बाहेर. अहो, आपल्या ठाण्याच्या अधिकृत इंग्रजी स्पेलिंगमध्येसुद्धा १९९६ पर्यंत शेवटी 'ई'ऐवजी 'ए' होता!

क्लायंटला फोन केला, यादीत पालघर घातलं, व्हर्जन वाढवलं. लोकल चुकली. पुढची मिळाली, अर्थात उभ्यानेच.