उजेड हवाच, पण समोरच्याला आंधळं करून नको

पोस्ट मोठी आहे. रात्री गाडी चालवत असाल तर शेवटपर्यंत वाचा, आणि घरातलं कुणी चालवत असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

गेल्या काही वर्षांत छोट्या गाड्यांना जादा दिवे लावायची लाट आलीय. ऑल्टो, वॅगनआर, टियागो, जुनी सॅन्ट्रो, कुठलीही गाडी बघा. बंपरवर दोन एलईडीचे ठोकळे, कुणाच्या टपावर लांबलचक लाइट बार, कुणी मूळ हॅलोजन बल्ब काढून 'दुप्पट उजेड'वाला एलईडी बल्ब घातलेला. यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक बाजू म्हणते, पोरांची हौस आहे, पकडा आणि दंड करा. दुसरी म्हणते, रस्ते अंधारात आहेत, आम्ही मरायचं का? माझ्या मते दोन्ही बाजूंचं निम्मं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी दिवे लावणाऱ्याची बाजू घेतो, कारण ती खरी आहे.

साधा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ३३ मीटर तिथेच संपले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५-४० मीटर. एकूण सत्तरच्या आसपास. आता डिप्परवर चालणाऱ्या छोट्या गाडीच्या उजेडात गडद कपडे घातलेला माणूस किती लांबून दिसतो? साधारण पन्नास मीटरवरून, काच आणि दिवे स्वच्छ असतील तर. म्हणजे वीस मीटरचा हिशेब लागतच नाही. ताशी ६० ने गेलात तर ४५ मीटरमध्ये गाडी थांबते आणि हिशेब जेमतेम जुळतो. म्हणून रात्री डिप्परवर असाल तर ६० च्या आत राहा. हा माझा पहिला सल्ला आहे आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही.

पण आपल्या रस्त्यावर नुसता माणूस नसतो. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर, कुठल्याही रस्त्याला जा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस मागून वीतभर नव्हे, हातभर बाहेर आलेला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर असलाच तर तो उसाच्या वाड्याखाली झाकलेला किंवा चिखलाने माखलेला. मागचा लाल दिवा बहुतेक वेळा नसतोच. त्यात बैलगाड्या, रस्त्याकडेने पालावर परतणारे ऊसतोड मजूर आणि त्यांची पोरं, बंद पडलेल्या ट्रकमागे इशारा म्हणून ठेवलेले चार दगड. साइडपट्टीचा पांढरा पट्टा पुसलेला, रस्त्यातले चमकणारे खुंट उखडलेले. अशा रस्त्यावर रोज रात्री जाणाऱ्या माणसाने जादा दिवा मागितला तर ती हौस नाही, गरज आहे.

देशात २०२२ साली ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग केले तर सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत होतात, हेही त्याच अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. म्हणजे कामावरून परतायची वेळ आणि अंधार पडायची वेळ एकत्र येते तेव्हा.

आता दुसरी बाजू.

तुम्ही लावलेला दिवा तुम्हाला रस्ता दाखवतो, पण समोरच्याला काय करतो? प्रखर झोत डोळ्यावर आला की पुढचे दोन-तीन सेकंद नीट दिसत नाही. वय पन्नाशीच्या पुढे असेल, मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर जास्तच. ताशी ६० ने तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. तेवढं अंतर समोरचा माणूस अंदाजाने गाडी हाकतो. आणि तो हाकतोय कुठे? तुमच्याच दिशेने. त्याने चिडून अप्पर मारला की तुम्हीही आंधळे. दोन गाड्या, दोन्ही चालकांना दिसत नाही, आणि मधल्या साइडपट्टीवर सायकलवरचा दूधवाला. गाडीतल्या माणसाला निदान पट्टा आणि एअरबॅग आहे. दूधवाल्याला काय आहे?

मला यातली सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते. उजेडाची ही चढाओढ दोन गाडीवाल्यांत चालते, पण किंमत तिसराच मोजतो.

"मोठ्या एसयूव्हीवाले आणि ट्रकवाले डिप्पर देत नाहीत, मग मीच का?" हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त उजेड मारलात म्हणून तुम्हाला जास्त दिसत नाही. डोळे दिपवणारा त्याचा झोत तसाच राहतो. फक्त आता त्यालाही दिसत नाही. यात तुमचा फायदा कुठे झाला?

कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण यात बराच गोंधळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की, समोरचा दिवा कायम खाली झुकलेला हवा किंवा चालकाला तो खाली झुकवता आला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. म्हणजे नियम बनवणाऱ्याने समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे नेमके कुठे असतात याचा विचार केलाय. नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीबाहेरचा बदल केला तर कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुकानदार यातलं काही सांगत नाही. तो म्हणतो, "साहेब, सगळेच लावतात, वायर कापून स्विच टाकून देतो, दहा मिनिटांचं काम आहे."

मग करायचं काय? क्रमाने सांगतो. स्वस्तापासून महागाकडे.

१. आधी आहेत तेच दिवे नीट करा. पुढची काच आणि दिव्यांची काच पुसा. पाच-सात वर्षं जुन्या गाडीच्या दिव्यावरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं, धुरकट होतं आणि बराचसा उजेड आतच अडतो. पॉलिश करून घ्या. नवा दिवा घेण्यापेक्षा खूपच स्वस्त पडतं.

२. बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतंय का ते तपासा. जुन्या छोट्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बारक्या खटक्यातून जायचा. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. रिले टाकून बॅटरीपासून सरळ जाड वायर दिली की तोच ६०/५५ वॉटचा बल्ब नवा वाटतो. कपलरवाला तयार वायरिंग सेट मिळतो, गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कापूच नका.

३. दिव्यांचा कोन तपासा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. डिप्परच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे. छोट्या गाडीचा दिवा जमिनीपासून अंदाजे ६५ सेंटीमीटरवर असतो. म्हणजे या उताराने झोत ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. कड दिव्याच्या बरोबरीला असेल तर झोत रस्त्याला कधी टेकतच नाही, तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडीचं नाक वर होतं. त्यासाठीच बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ असं गोल चाक दिलेलं असतं. ते चाक कशासाठी आहे हे कितीतरी गाडीमालकांना ठाऊक नसतं.

४. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घालू नका. आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी तशीच बसत नाही, आणि झोत फुटून चहूकडे पसरतो. बॉनेटसमोर लख्ख पांढरं दिसतं, तुम्हाला वाटतं उजेड वाढला. लांबचा रस्ता मात्र तसाच अंधारात असतो. उलट जवळच्या भगभगीत उजेडाला डोळे सरावले की लांबचं आणखी कमी दिसतं.

५. एवढं करूनही गरज असेल, तरच जादा दिवा. त्यातही दोन जाती आहेत. फॉगलॅम्प खाली बसतो, झोत रुंद आणि आखूड. घाटात, धुक्यात, पावसात साइडपट्टी दाखवायला. ड्रायव्हिंग लॅम्पचा झोत अरुंद आणि लांब. तो फक्त मोकळ्या रस्त्यावर, समोर कुणी नसताना. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकतात. काचेवर वर्तुळातलं 'ई' आणि आकडा, म्हणजे मान्यतेची खूण, बघून घ्या. नुसता ठोकळा घेऊ नका. आणि टपावर काहीही नको.

६. जोडणी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ड्रायव्हिंग लॅम्पचा रिले अप्परच्या वायरवरूनच चालू झाला पाहिजे. म्हणजे तुम्ही डिप्पर दिला की जादा दिवा आपोआप बंद. वेगळा स्विच असला तर समोर गाडी आल्यावर तो बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर ओढतात. त्यामुळे रिले, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज आणि योग्य जाडीची वायर याला पर्याय नाही. बारीक वायरला टेप गुंडाळून केलेली जोडणी गाडी पेटायचं कारण होऊ शकते.

इथपर्यंत आपलं काम झालं. आता सरकारचं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सरसकट पकडापकडी करून काही होणार नाही. चौकात दुपारी गाडी अडवून न लावलेल्या दिव्याची पावती फाडण्याने रात्री कुणाचे डोळे वाचत नाहीत. तीन गोष्टी करा.

एक, दिव्यांची तपासणी पीयूसीला जोडा. आज खासगी कारचा धूर दरवर्षी तपासतात. पण तिच्या दिव्यांचा कोन सरकारी तपासणीत बघितला जातो तो नोंदणीचं नूतनीकरण करताना, म्हणजे पंधरा वर्षांनी! झोत मोजायचं यंत्र पीयूसी केंद्रावर ठेवलं तर पाच मिनिटांचं काम आहे. कोन चुकला असेल तर तिथेच स्क्रू फिरवून द्या, दंड नको.

दोन, उसाच्या ट्रॉलीचा प्रश्न कारखान्याच्या वजनकाट्यावर सोडवा. मागे रिफ्लेक्टर आणि चालू लाल दिवा नसेल तर काट्यावर वजन नाही. हंगामात एकूण एक ट्रॉली त्या काट्यावरून जाते. पोलिसांना रात्री रस्त्यावर फिरायचीही गरज नाही. यात ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन मोकळं होऊ नका. तो खेपेच्या पैशावर जगतो. लाल कापड, पट्ट्या आणि उसाच्या बाहेर टांगता येईल असा दिवा कारखान्याने द्यावा. कारखान्याच्या उलाढालीत हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

तीन, रस्त्याचे पट्टे रंगवा. कडेचा पांढरा पट्टा ठळक असेल तर साध्या डिप्परमध्येही रस्ता कुठे वळतो ते कळतं. निम्म्या लोकांची जादा दिव्याची गरज तिथेच संपेल. दुचाकीचा दिवा दिवसासुद्धा चालू राहिला पाहिजे असा नियम १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि तो अमलात आला, कारण कारखान्यातून गाड्याच तशा यायला लागल्या. म्हणजे इच्छा असली की जमतं.

तोपर्यंत आपण काय करायचं? समोरून गाडी आली की डिप्पर द्या. त्याने नाही दिला तरी द्या. नजर त्याच्या दिव्यावर न ठेवता डाव्या कडेच्या पट्ट्यावर ठेवा आणि वेग कमी करा. या रविवारी अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून कोन बघा, आणि काय दिसलं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. तुमच्या गावाजवळच्या कारखान्याचे संचालक ओळखीचे असतील तर वजनकाट्याचा मुद्दा त्यांच्या कानावर घाला. हंगाम सुरू व्हायच्या आधी घातला तर जास्त बरं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कुठे नाही पटलं ते सांगा, वाद घालायला मी आहेच.