पणजोबांचे नाव आणि कोतवाल बुकाचे पान

#थ्रेड

१/ भंडारा जिल्ह्यातील अनेक तरुणांची जुन्या दप्तराशी पहिली भेट जात पडताळणीच्या निमित्ताने होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि शोध येऊन थांबतो तो ‘कोतवाल बुका’पाशी. गावातील जन्म-मृत्यूची ही नोंदवही. तारीख, बापाचे नाव, जात. आडनाव असेलच असे नाही.

२/ ही वही लिहिली गेली ती एका प्रश्नासाठी : अमुक गावात अमुक वर्षी कोण जन्मले, कोण वारले? म्हणून आधी गाव, मग वर्ष, मग तारीख. पणतूचा प्रश्न नेमका उलटा आहे. नाव ठाऊक आहे, पान कोणते?

३/ शोधयंत्रांपुढेही हाच पेच असतो. कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत, हे सांगणारी ती ‘फॉरवर्ड इंडेक्स’. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, हे सांगणारी ती ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या निबंधात गूगलची रचना मांडली, तिच्यात दोन्ही आहेत. पहिली सूची शब्दांच्या क्रमाने पुन्हा लावली की दुसरी तयार होते. डिस्कवर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला तेव्हा सुमारे १० मिलिसेकंद लागत. यंत्राच्या हिशेबात हा फार मोठा काळ. म्हणून एकत्र वाचायचे ते शेजारी शेजारी ठेवायचे, हे धोरण.

४/ अभिलेख कक्षातील शिपायाला हे कोणी शिकवावे लागत नाही. एका गावाच्या वह्या एकाच बस्त्यात असल्या की शिडीवर एकदाच चढावे लागते.

५/ पुण्याचे पेशवे दफ्तर हे याचे मोठे उदाहरण. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनला हवे होते इनामांचे पुरावे. रुमालांकडे त्याने त्याच नजरेने पाहिले. पुढे गो. स. सरदेसाई राजकीय इतिहासाचे प्रश्न घेऊन त्याच रुमालांपाशी आले आणि १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. कागद तेच, प्रश्न निराळा. म्हणून निवड नव्याने करावी लागली.

६/ भंडाऱ्यात आणखी एक गुंता आहे. १९०८ च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या तहसिली तीनच : भंडारा, तिरोडा, साकोली. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि तिरोडा तिकडे गेला. आजचा जिल्हा-तालुका धरून जुने गाव शोधणारा चुकीच्या फडताळापुढे उभा राहतो.

७/ अशा वह्या स्कॅन करून हजार पानांची एकच फाईल बनवणे म्हणजे जतन खरे, पण शोध नव्हे. उलट बस्त्यावरचे गावाचे नाव होते तेही हरवते. निव्वळ नावांची सूची हाही उपाय अपुराच : ‘गणपत वल्द सखाराम’ शंभर गावांत सापडेल, आणि चुकीच्या गणपतची नक्कल जोडली तर दावा फेटाळला जाऊन प्रवेशाची जागा जाईल. गणपतला गणपतपासून वेगळे करते ते गाव.

८/ म्हणून जुना क्रम मोडू नये; नावांची सूची त्याच्यावर, वेगळी उभारावी. नावे वाचून काढायला वर्षे लागतील, त्यातही मोडी पाने आली तर अधिकच. पण प्रत्येक फाईलच्या नावात जुनी तहसील, गाव, वर्ष आणि पान घालणे स्कॅनिंगच्या पहिल्या दिवसापासून जमण्यासारखे आहे.