टाक्या मोजल्या, जाळ कोण मोजणार?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

विज्ञानाने माणसाला चंद्रावर नेले, हे वाक्य शाळेपासून आपण इतक्या निबंधांत लिहिले आहे की त्याची आता सवयच झाली आहे. चंद्राचे राहू द्या. त्याच विज्ञानाला आमच्या गावातल्या चुलीपर्यंत पोचायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला आणि पोचल्यावरही ते तिथे टिकले नाही. गोबरगॅसची कथा ही अशी आहे.

हे तंत्र परदेशातून आपल्यावर लादलेले नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून तो वापरात आणला गेला होता. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल यांनी वरखाली होणाऱ्या लोखंडी पिंपाची टाकी तयार केली आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिचा देशभर प्रसार केला. लोखंड महाग पडते आणि गंजते, म्हणून १९७८ साली उत्तर प्रदेशात विटांच्या घुमटाची ‘जनता’ टाकी निघाली. १९८४ साली त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ आली. मध्यंतरी १९८१-८२ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रकल्प म्हणून अनुदान सुरू केले होते. म्हणजे शोध आपला, शेण आपले, पैसाही सरकारचा. तरीसुद्धा आमच्या गावात सकाळी फिरून पाहिले, तर बांधलेल्या टाक्यांपैकी निळा जाळ देणारी एखाददुसरीच सापडते. बाकीच्यांपैकी कुणात पाला पडला आहे, कुणावर फरशी टाकून कडबा रचला आहे. एका घरी तर उलथे केलेले पिंप पाणी साठवायला लागले आहे.

असे का झाले, असे कुणा शहाण्या माणसाला विचारले की उत्तर तयार असते : ‘खेड्यातली माणसे अडाणी, आळशी. त्यांना फुकटचे पाहिजे, पण सांभाळायला नको.’ हे उत्तर मला पटत नाही. जो शेतकरी नवे बियाणे, नवे औषध, मोबाइल आणि ट्रॅक्टर दोन-चार हंगामांत आत्मसात करतो, तो शेण आणि पाणी कालवण्याइतके साधे तंत्र अडाणीपणामुळे टाकून देईल, हे संभवत नाही. कुठेतरी हिशेबच चुकलेला असला पाहिजे. तो हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. हवा न लागता शेण कुजले की त्यातले सूक्ष्म जीव गॅस तयार करतात. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो आणि तोच जळतो. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे चाळीस लिटर गॅस मिळतो. चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरची टाकी पुरते. तिला रोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. ती नीट चालली तर महिन्याला दीड सिलिंडरहून अधिक गॅसचे काम भागते. गोवरी चुलीत घातली तर तिच्यातली दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाया जाते आणि खतही जळून जाते. गोबरगॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक उष्णता कामी येते आणि टाकीतून बाहेर पडणारा काला पुन्हा रानात जातो. शिवाय धूर नाही. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो आकडा वाचताना मला आमच्या गल्लीतल्या बायकांचे लाल डोळे आणि रात्रीचा खोकला आठवला. तेव्हा गोबरगॅस चांगला की वाईट, हा वाद नाही. तो चांगलाच आहे.

आता खर्चाची बाजू. पन्नास किलो शेणाला चार-पाच मोठी जनावरे दावणीला हवीत, तीही दिवसभर रानात मोकळी न सुटणारी. देवणी आणि लाल कंधारी या नामांकित जातींचा हा मुलूख. पण आज दावणीची अवस्था काय आहे? सोयाबीन आले, ट्रॅक्टर आले आणि बैलजोडी ठेवणे परवडेनासे झाले. चाऱ्याच्या टंचाईत जनावरे बाजार दाखवून आली, ती परत घेतली गेली नाहीत. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात महाराष्ट्रातला गोवंश घटला, हे सरकारी आकडेच सांगतात. आमच्या भागात आणखी एक कारण घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरगा भागात नव्या जागी गावे वसली. सरळ रस्ते, आखीव ओळी आणि पक्की घरे मिळाली. पण जुन्या वाड्यात माणूस आणि जनावर एका छपराखाली होते, तशी सोय त्या घरांत राहिली नाही. गोठा एकीकडे आणि चूल दुसरीकडे, अशा घरात गोबरगॅसची नळी किती लांब न्यायची?

दुसरा खर्च पाण्याचा. रोज पन्नास लिटर म्हणजे महिन्याला दीड हजार लिटर. पुस्तकात ही ओळ सहज लिहिली जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. ज्या गावात टँकरमागे घागरी घेऊन रांग लागते, त्या गावात शेण कालवायला पाणी ओता, असे सांगणाऱ्याने एक उन्हाळा आमच्याकडे काढावा. यावर उपाय नाहीत असे नाही. गोठ्यातले गोमूत्र, जनावरांना धुतलेले पाणी, टाकीतून निघालेल्या काल्याचेच निथळ यांवर पुष्कळ भागवता येते. पण हे सांगायला कुणी दारात यावे लागते. इथिओपिया, केनिया, बुर्किना फासो या आफ्रिकी देशांत २००९ पासून गोबरगॅसचा मोठा कार्यक्रम झाला. तिथेही मोकळी चरणारी गुरे आणि लांबचे पाणी हीच दोन दुखणी निघाली. मराठवाडा आणि आफ्रिका यांच्यात समुद्र आहे, दुखणे मात्र एकच आहे.

तिसरा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. पन्नास किलो शेण आणि पन्नास लिटर पाणी म्हणजे रोज शंभर किलो काला. वर्षाला साडेछत्तीस टन. तो कोण कालवते? गोठ्यातून पाट्या कोण वाहते? काडीकचरा हाताने कोण काढते? घरातली बाई, आणि तिच्या हाताखाली घरातली मुलगी. सरपण गोळा करण्याचा आणि भांडी घासण्याचा तिचा वेळ वाचतो, हे खरे आहे. पण त्यातला बराच वेळ शेणाच्या हौदापाशी परत द्यावा लागतो. आमच्या शेजारच्या एका काकूंना मी विचारले, ‘टाकी बंद का केली?’ त्या म्हणाल्या, ‘फुकट हाय म्हनतेत सगळे. माझे हात बी फुकटच धरलेत का?’

अर्थशास्त्राच्या तासाला श्रमाला मूल्य असते असे आपण शिकतो. काकूंनी तेच सांगितले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सकाळच्या एस. टी.ने मुलगी निलंग्याला निघाली की घरातले शेण कालवणारे दोन हात कमी होतात आणि ते काम पुन्हा आईच्या अंगावर पडते. माझ्याबरोबर त्या गाडीत बसणाऱ्या कितीतरी मुलींच्या घरी हेच घडत असेल. ज्या योजनेचा जाळ मुलगी घरी राहण्यावर अवलंबून आहे, त्या योजनेने निदान तसे उघड सांगावे. टाकी बांधायची की नाही हे ठरवतात घरातले पुरुष. अर्जावर सही त्यांची, अनुदान त्यांच्या खात्यावर. धूर खाणारी आणि शेण कालवणारी व्यक्ती मात्र त्या कागदावर कुठेच नसते.

हा हिशेब दुसऱ्या कुणी मांडलाच नाही असे नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे लहान गाव आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे गावाची सामायिक टाकी उभारली. स्वयंपाकाला सगळ्यांना पुरेल एवढा गॅस होईना. तेव्हा १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून नळाला पाणी आणि घरांना दिवे दिले गेले, कारण पाण्याची निकड सर्वांनाच होती. जो शेण आणून देईल त्याला किलोमागे दोन पैसे आणि काल्याचे खत परत, असा नियम होता. आणणाऱ्या बहुधा बायका आणि मुले. दोन पैसे ही रक्कम क्षुल्लक असेल, पण शेण वाहणाऱ्या हाताची नोंद वहीत झाली, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

चौथा खर्च दुरुस्तीचा. आमच्या भावकीतल्या एका घरी टाकी उत्तम चालली होती. एके दिवशी जाळ फडफडू लागला आणि मग विझला. नळीत पाणी साचले की असे होते. ते पाणी काढून टाकणे हे दहा मिनिटांचे काम. पण ते कुणी दाखवलेच नव्हते. एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. ‘टाकी पूर्ण झाल्याचा दाखला आमच्याकडे आहे,’ एवढेच उत्तर मिळाले. दाखला होता, जाळ नव्हता. ही एका कार्यालयाची गोष्ट नाही. योजनेची बांधणीच अशी आहे की अनुदान टाकी पुरी झाल्यावर मिळते, पाच वर्षे चालल्यावर नाही. चीनमध्ये १९७० नंतरच्या दशकात मोहीम काढून लाखो टाक्या बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येने पुढे बंद पडल्या. याउलट नेपाळने १९९२ पासून वेगळी वाट धरली. बांधणाऱ्या कंपनीवर काही वर्षांच्या दुरुस्तीची हमी घातली, तपासणी ठेवली आणि काम वाईट निघाले तर दंड लावला. त्या गरीब, डोंगराळ देशात दोन लाखांहून अधिक टाक्या उभ्या राहिल्या. आपल्याकडेही सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने हजारो घरांत गोबरगॅस पोचवला आहे. कोकणात पाणी अधिक हे मान्य. पण हाकेच्या अंतरावर माहीतगार माणूस असणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आणि ज्यांच्या दावणीला एकही जनावर नाही, त्यांचे काय? शेतमजुराच्या घरची बाई रस्त्यावरचे आणि रानातले शेण वेचून गोवऱ्या थापते. मोठ्या शेतकऱ्याच्या घरी टाकी झाली की त्या शेणाला मोल येते आणि तिची पाटी रिकामी राहते. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून तिच्या घरी शेगडी आणली. पण २०२३-२४ मध्ये या योजनेतल्या घरांनी सरासरी वर्षाला जवळपास चारच सिलिंडर घेतले. उरलेले महिने तुराट्या आणि पऱ्हाट्याच जळतात.

या घरांसाठी एक वाट आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्राने दाखवली आहे : संडासाला जोडलेली टाकी. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करून दाखवले आणि सफाई हे सर्वांचे काम आहे असे आयुष्यभर सांगितले. तुकोबांच्या देहूत डॉ. मापुसकरांनी संडासावर चालणारी ‘मलप्रभा’ टाकी तयार केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका घराच्या मैल्यावर सगळा स्वयंपाक होत नाही, थोडा होतो. पण दहा-वीस घरांच्या किंवा वसतिगृहाच्या संडासांवर टाकी चांगली चालते. मग ती गावोगाव का नाही? कारण ‘त्या’ गॅसवर शिजलेले अन्न खायचे कसे, असे आपल्याला वाटते. शेण पवित्र आणि मैला अपवित्र हा भेद जाळ करत नाही, आपण करतो. मैला ज्यांच्या डोक्यावर पिढ्यान्पिढ्या वाहायला लावला, त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी अजून बदललेली नाही, हे या अडचणीचे खरे मूळ आहे. कुठलाही अभियंता ते दुरुस्त करू शकणार नाही.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. गॅसचे रसायन विज्ञान शाखेने पाहावे, असे आपण सहज म्हणून मोकळे होऊ. पण वर मांडलेल्या अडचणींत रसायनाची एकही नाही. शेण कोण कालवते, सही कोणाची असते, पाणी कोणाला आधी, किळस कोणाची वाटते, हे सगळे प्रश्न आपल्याच अभ्यासक्रमातले आहेत.

म्हणून गुरुजनांपुढे आणि सहाध्यायांपुढे एक साधी सूचना ठेवते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावी जाते. रस्ता झाडणे आणि भिंती रंगवणे चालू राहूच द्या. त्याबरोबर यंदा गावातल्या प्रत्येक गोबरगॅसच्या दारात जाऊ या. आत जाळ आहे का, नसेल तर तो कधी आणि कशाने विझला, हे घरातल्या बाईला विचारू या आणि तिच्या शब्दांत लिहून आणू या. नळीतले पाणी काढण्याइतके काम शिकून घेतले, तर दोन-चार चुली तिथल्या तिथे पेटतीलही. ती यादी पंचायत समितीला द्यावी आणि पुढच्या वर्षीच्या या अंकात छापावी. सरकारकडे बांधलेल्या टाक्यांचे आकडे पुष्कळ आहेत. चालू असलेल्या जाळांचा एक आकडा निलंग्याच्या मुलामुलींनी गोळा केलेला असावा.