विश्लेषण : गोवा महाराष्ट्रात का आला नाही?

ठाकूरद्वारहून धोबी तलावाकडे चालत गेले, की गोवेकरांचे जुने ‘कूड’ लागतात. मुंबईशी एवढा घरोबा असूनही गोवा वेगळा राहिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली.

जर्मनी आणि ऑस्ट्रियाची तर भाषाही एकच. पण १९३८ मध्ये हिटलरने आधी ऑस्ट्रियात सैन्य घुसवले, मग सार्वमताचा देखावा केला. १९५५ च्या करारात दोघांच्या एकीकरणावर बंदीच आली.

गोव्यात आधी लोकांना विचारले आणि मिळालेले उत्तर मानले. योग्य मार्ग हाच. बेळगावच्या मराठी माणसाला मात्र १९५६ पासून असा कौल देण्याची संधी मिळालेली नाही. भाषा नाते जोडते; कुठे राहायचे, हे लोकांनीच ठरवायला हवे.